खिदिरपूरहून ओढत आणलेली जीप

लग्न होऊन मी कलकत्त्याला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांना निवृत्त होऊन सहाच महिने झाले होते आणि तेवढ्यातच त्यांनी घरातल्या सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. समोर शंभर मुलं बसलेली असायची सवय. आता समोर फक्त सासूबाई, माझा नवरा आणि मी. त्यामुळे शंभर जणांना पुरेल एवढं बोलणं आम्हा तिघांच्या वाट्याला यायचं. मटार कसे सोलावेत, बादली कुठल्या हाताने उचलावी, सगळ्याला त्यांच्याकडे एक पद्धत होती, आणि ती पद्धत ते दोनदा सांगत.

माणूस मात्र लोभस. मी त्यांना मामंजी म्हणायची. जन्म कलकत्त्यातला, शिक्षण तिथलंच, बंगाली इतकं सफाईचं की गल्लीतल्या लोकांना ते मराठी आहेत हे मुद्दाम आठवावं लागे. आम्ही राहायचो बागबाजारला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने इंग्रजांनी जो खंदक खणला, तो म्हणे तिथूनच सुरू व्हायचा. बंगालमध्ये त्या मराठी घोडेस्वारांना बर्गी म्हणतात. शेजारी एक म्हातारे वकीलबाबू राहायचे. ते रोज सकाळी बाजाराची पिशवी घेऊन जाताना मामंजींना हाक मारत, "काय बर्गीमोशाय, आज कुठे स्वारी?" दोघं वीस वर्षांचे मित्र. विनोद तेवढाच जुना आणि दोघंही रोज नव्याने हसत.

माझा नवरा बँकेत होता. त्याचं मराठी म्हणजे एक करमणूकच होती. बंगालीत शब्दांना लिंग नसतं, त्यामुळे त्याच्या तोंडी "चहा झाली" आणि "ट्राम आला" असं हमखास यायचं. मी हसले की तो चिडायचा नाही, उलट मुद्दाम आणखी चुका करायचा.

मी साताऱ्याकडची. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. माझं लहानपण धरणाच्या कामावर, पत्र्याच्या क्वार्टरात गेलं. कामावर एक सरकारी जीप असायची. तिचे ड्रायव्हरकाका मला पुढे बसवून घ्यायचे आणि मी विचारलं तर सगळं सांगायचे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे.

मामंजींना निवृत्तीनंतर एकच काम करायचं होतं. कलकत्त्याच्या दक्षिणेला, कॅनिंगच्या पलीकडे, खाडीकाठी खारफुटीची झाडं आहेत. त्यांची नीट यादी करायची, फांद्या-पानं गोळा करायची. तिथे बस जाते ती एका ठिकाणापर्यंत. पुढे सगळा चिखल. कोणीतरी त्यांना सांगितलं की जीपची चारही चाकं ओढतात, ती चिखलातून जाते. झालं. त्या दिवसापासून घरात जीप हा एकच विषय.

आणि खिदिरपूरला गोदीजवळ एका बंद पडलेल्या कंपनीच्या गोदामात जुन्या सामानाचा लिलाव निघाला. त्यात लढाईच्या काळातली एक जीप होती. मामंजींनी गल्लीतल्या मिस्त्रीला बरोबर नेलं. त्याने खाली वाकून, वर चढून, तेलात बोट बुडवून तासभर तपासणी केली आणि सांगितलं, "गाडी चांगली आहे. बॅटरी मेलेली आहे, कार्बोरेटर साफ करावा लागेल, पुढचे दोन टायर फुटलेले आहेत. बाकी इंजिन, गिअर सगळं ठणठणीत." मामंजींनी जीप घेतली. घरी येऊन त्यांनी सासूबाईंना ही बातमी सांगितली, तेव्हा त्या पुरण वाटत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "ठेवणार कुठे?"

तो भाद्रपदाचा शेवट होता. दोन दिवसांनी विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी कलकत्त्यात प्रत्येक कारखाना, प्रत्येक गॅरेज आपापल्या यंत्रांची पूजा करतं आणि आकाश पतंगांनी भरून जातं. मामंजींच्या मनात होतं की पूजेच्या दिवशी जीप दारात उभी पाहिजे, हार घातलेली, चालू. म्हणून आदल्या दिवशी ती आणायची ठरली.

जीप चालत नव्हती, तेव्हा ती ओढून आणावी लागणार होती. मामंजींनी त्याचा आराखडा कागदावर काढला. लाल पेन्सिलीने बाणसुद्धा. पुढचे टायर फुटलेले, म्हणून पुढची दोन्ही चाकं गोदीत सामान वाहायला वापरतात तसल्या एका बुटक्या लोखंडी गाड्यावर चढवायची आणि काथ्याच्या दोरखंडाने घट्ट आवळून बांधायची. मागची चाकं रस्त्यावर फिरतील. तो गाडा एका लॉरीला मागे जोडायचा आणि लॉरीने सगळी वरात बागबाजारला आणायची. "साधं गणित आहे," मामंजी म्हणाले.

त्या दिवशी आम्ही तिघं खिदिरपूरला गेलो. मला नेलं ते नारळ फोडायला. घरातल्या सुनेच्या हातून शुभ काम व्हावं अशी सासूबाईंची इच्छा. गोदामाच्या आवारात आदल्या रात्रीच्या पावसाचा चिखल होता. लॉरी तयार उभी होती. तिचा ड्रायव्हर छपऱ्याकडचा बिहारी, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर लाल गमछा. मी नारळ फोडला, त्याने खोबऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. मला तो तेव्हाच आवडला.

मग मामंजींचं सुरू झालं. दोर इकडून नाही, तिकडून. गाठ अशी नाही, तशी. हमाल चाकं चढवत होते आणि मामंजी कागद हातात धरून प्रत्येकाला वेगवेगळं समजावत होते. ड्रायव्हर दोनदा जवळ आला आणि काहीतरी बोलायला लागला. दोन्ही वेळा मामंजींनी हात वर केला, "रुको, रुको, पहले मेरा सुनो." तो मागे सरला आणि बिडी ओढत उभा राहिला.

ब्रेक दाबायला कोणीतरी जीपमध्ये बसायला हवं होतं, म्हणून माझा नवरा स्टिअरिंगमागे बसला. मी शेजारी. बसल्याबरोबर माझं लक्ष खाली गेलं. जीपला गिअरचा एक मोठा दांडा असतो आणि त्याच्याशेजारी दोन लहान दांडे. त्यातला एक पुढची चाकं जोडायचा किंवा सोडायचा. तो पुढे ढकललेला असला की फक्त मागची चाकं इंजिनाला जोडलेली. मागे ओढलेला असला की पुढची-मागची चारही चाकं एकमेकांशी बांधलेली. एक जोडी फिरली की दुसरीला फिरावंच लागतं.

तो दांडा मागे ओढलेला होता.

मला धरणावरचे ड्रायव्हरकाका आठवले. एकदा आमची जीप बंद पडली आणि ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली. काका आधी आत वाकले आणि तो दांडा पुढे ढकलला. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "बाय, दोन पाय बांधलेल्या माणसाला ओढलं तर तो धावंल व्हय? कुठंतरी मोडंलच की." इथे तर पुढची चाकं खरोखरच बांधलेली होती. दोरखंडाने, चार-चार वेढे देऊन.

मी तोंड उघडलं. "मामंजी..." एवढंच म्हणाले. ते लॉरीजवळून वळले, कागद हातात, घामाने डबडबलेले, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. आजूबाजूला आठ-दहा माणसं. सगळी माझ्याकडे बघायला लागली.

"काय गं सूनबाई? काही म्हणालीस?"

लग्नाला तीन महिने झाले होते. या माणसाला मी जीपबद्दल शिकवायचं?

"नाही," मी म्हणाले. "ऊन फार आहे."

"पदर घे डोक्यावर," ते म्हणाले आणि लॉरीला हात केला.

लॉरी निघाली. चिखलात आमची मागची चाकं फिरलीच नाहीत, नुसती घसरत गेली, पण हे मागे बघणाऱ्यालाच कळलं असतं आणि मागे कोणी नव्हतं. मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. मनात म्हटलं, कदाचित मला चुकीचं आठवत असेल. कदाचित या जीपमध्ये उलटं असेल. आवाराचं फाटक आलं. फाटकाबाहेर कोरडा, दगडी रस्ता होता. मागचे टायर दगडांवर चढले, त्यांनी जमीन धरली. जीप एकदम आखडली. पायाखालून गुरगुरल्यासारखा आवाज आला, आणि मग असा काही धडाका झाला की फाटकावरचे कावळे उडाले. माझ्या तळपायांना झिणझिण्या आल्या.

लॉरी थांबली. ड्रायव्हर उतरून मागे आला. मामंजी धावत आले, खाली वाकले, दोर पाहिले, गाडा पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. लॉरी चार हात पुढे घ्यायला लावली, तर काय? आता मागची चाकं छान फिरायला लागली होती.

"बघा," मामंजी खूश होऊन म्हणाले, "बरेच दिवस उभी होती ना, सांधे धरले होते. सुटले आता!"

ते सांधे सुटलेले नव्हते.

गंगेच्या कडेकडेने आम्ही आलो. खालून सारखी खडखड येत होती, जणू पत्र्याच्या डब्यात कोणी चिंचोके घालून हलवतंय. नवरा म्हणाला, "जुना गाडी आहे, आवाज येणारच." त्या दिवशी मला त्याची चूक ऐकून हसू आलं नाही. हावड्याच्या पुलाखाली फुलबाजारात लोक थांबून बघायला लागले. मामंजी लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून खिडकीतून हात बाहेर काढत आणि गाड्यांना वाट द्यायला सांगत. बागबाजारला पोचलो तेव्हा वकीलबाबू ओट्यावरच होते. त्यांनी चष्मा पुसला, नीट बघितलं आणि म्हणाले, "बर्गी पूर्वी घोड्यावर यायचे. आता जीपने येतात. तेही दुसऱ्याने ओढत आणल्यावर!"

दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा. मिस्त्रीने सकाळी नवी बॅटरी बसवली, कार्बोरेटर धुतला, पुढच्या चाकांना कुठूनतरी आणलेले टायर चढवले. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. वर गच्च्यागच्च्यांवरून पतंग चालले होते, कोणाचा कापला की सगळी गल्ली ओरडायची. मिस्त्रीने इंजिन चालू केलं. तिसऱ्या खेपेला ते पेटलं आणि धडधडायला लागलं. टाळ्या पडल्या. मामंजी मागच्या सीटवर चढून उभे राहिले. मिस्त्रीने गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी जागची हलली नाही. खालून मात्र असा आवाज आला की शेजारच्या घरातलं बाळ रडायला लागलं. मिस्त्रीने घाईने इंजिन बंद केलं. वकीलबाबू हळूच म्हणाले, "की होलो?"

काय झालं ते संध्याकाळी कळलं. मोठ्या गिअरबॉक्सच्या मागे एक लहान पेटी असते. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी. मिस्त्री तिला नुसतं 'ट्रान्सफर' म्हणायचा. त्याने ती खाली उतरवली आणि तिच्यातलं तेल आमच्या तामचिनीच्या परातीत ओतलं. काळं तेल आलं आणि त्याच्यामागून टणटण करत लोखंडाचे तुकडे आले. दातेरी चाकांचे तुटलेले दात. दोन चाकांचे दात जवळजवळ सगळे गेले होते. पहिले दोन-तीन झटक्यात तुटले आणि बाकीचे खिदिरपूर ते बागबाजार त्या तुकड्यांनीच खाल्ले. पेटीला तडाही गेला होता.

"ओढताना हा दांडा कुठे होता?" मिस्त्रीने विचारलं.

माझ्या नवऱ्याने सकाळपासून ते सगळे दांडे वीस वेळा पुढेमागे करून बघितले होते. "काय माहीत," तो म्हणाला.

"पुढेच असणार," मामंजी ठामपणे म्हणाले. "हे त्या लॉरीवाल्याचं काम. फाटकाजवळ त्याने कसा झटका दिला, आपण सगळ्यांनी पाहिलं!"

मी तिथेच परात धरून उभी होते. मामंजींनी एकेक दात रॉकेलने धुतला, टिपकागदावर ओळीने मांडला आणि भिंगातून पाहायला लागले. चेहरा असा, की कोणाचं तरी आजारपण बघायला आलेत. मला त्यांच्याकडे बघवेना. आत गेले आणि उगाच कणीक मळत बसले.

मामंजींनी लॉरीच्या मालकाला पत्र लिहिलं. सुंदर इंग्रजीत, दोन पानी. ते त्यांनी आम्हाला वाचूनही दाखवलं. आठवडाभराने मिस्त्री जुन्या सुट्या भागांच्या शोधात खिदिरपूरला जाऊन आला. ट्रान्सफर काही मिळाली नव्हती. चहा पिता पिता त्याने सहज सांगितलं, "तो छपऱ्यावाला ड्रायव्हर भेटला. मालकाने त्याला लॉरीवरून उतरवलंय. गोदीत पोती मोजायला बसवलंय. तुमचं पत्र पोचलं ना."

मामंजी म्हणाले, "हूं." त्यांनाही ते फारसं आवडलं नसावं.

मला जेवण गेलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, बरं नाही का? दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी चहा नेला, कप ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"मामंजी, दांडा मागे होता."

त्यांनी पेपर खाली केला. "कुठला दांडा?"

"ओढताना. मी शेजारी बसले होते, मी पाहिला. चारही चाकं जोडलेली होती. आणि पुढची आपण बांधलेली. ड्रायव्हरने झटका दिला नाही. त्याने कशीही चालवली असती तरी ते मोडलंच असतं."

"तुला कसं कळतं हे?"

मी धरणाचं सांगितलं. ड्रायव्हरकाकांचं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. माझ्या लग्नानंतर असं पहिल्यांदाच होत होतं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलायला लागले होते. तुम्ही विचारलंत, काही म्हणालीस का. मी म्हणाले, ऊन फार आहे."

मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत की काय. ते हसत होते. इतके हसले की चहा सांडला. "पदर घे डोक्यावर!" ते म्हणाले आणि पुन्हा हसले. सासूबाई बाहेर आल्या. हसणं थांबल्यावर मात्र ते एकदम गंभीर झाले, आत गेले आणि धोतर बदलून आले.

"चल," म्हणाले. "त्या माणसाकडे जायचं आहे. तूही चल."

बागबाजारहून एस्प्लनेडपर्यंत एक ट्राम, तिथून मैदानातून खिदिरपूरला दुसरी. सगळ्या वाटेत मामंजी एक शब्द बोलले नाहीत. मैदानात बकऱ्या चरत होत्या, पोरं फुटबॉल खेळत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मीच अधूनमधून काहीतरी बोलत राहिले.

ड्रायव्हर गोदामाच्या दाराशी वहीत रेघा मारत बसला होता. आम्हाला बघून उठला. मामंजी त्याच्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. "भाई, गलती मेरी थी. गाडी चार चक्के पर थी. मैंने देखा नहीं. मैंने आपके मालिक को झूठ लिखा."

ड्रायव्हर गोंधळला. त्याने घाईघाईने मामंजींचे हात खाली केले. "अरे बाबूजी, ये क्या करते हैं."

"नहीं, आप बोलिए. गुस्सा कीजिए."

त्याने गमछ्याने मिशा पुसल्या. "गुस्सा क्या बाबूजी. हम तो दो दफा पूछने आए थे, कि भीतर का गियर देख लिए हैं कि नहीं. आप बोले, रुको, पहले मेरा सुनो. तो हम सुनते रहे."

मामंजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि ते तिथल्याच एका पोत्यावर बसले. "दो-दो आदमी जानते थे," ते पुटपुटले, "और मैं नक्शा दिखा रहा था." मला हसू आवरेना. ड्रायव्हरलाही आवरलं नाही. शेवटी आम्ही तिघंही हसत होतो आणि हमाल आमच्याकडे बघत होते.

मालकाकडे जाऊन मामंजींनी दुसरं पत्र त्याच्या समोर बसून लिहिलं. हे अर्ध्या पानाचं होतं. मालक जरा फणफणला, पण दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर पुन्हा लॉरीवर बसला. आणि मिस्त्रीला हिंडून जे मिळालं नव्हतं ते त्याने चार दिवसांत शोधलं. गोदीमागच्या भंगारवाल्यांच्या गल्लीत, एका चेपलेल्या जीपखाली एक धड ट्रान्सफर पडलेली होती. ती त्याने स्वतः लॉरीतून आणून दिली, वर पुढच्या आसाचा एक वाकलेला सांधाही बदलायला लावला. तो मिस्त्रीच्या नजरेतून सुटला होता.

कालीपूजेच्या, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास जीप चालू झाली. या वेळी मामंजी मागे उभे राहिले नाहीत. फुटपाथवर उभे राहिले आणि त्यांनी प्रत्येकाला विचारलं, मिस्त्रीला, ड्रायव्हरला, मला, वकीलबाबूंनासुद्धा, "काही राहिलंय का? कोणाला काही सांगायचंय?" वकीलबाबू म्हणाले, "मला एवढंच सांगायचंय की मी यात बसणार नाही." गिअर पडला आणि जीप अगदी निमूट, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

आता प्रश्न होता, चालवणार कोण? मामंजींना येत नव्हती. माझ्या नवऱ्याने एक दिवस शिकून बघितलं आणि एका हातगाडीवरचे नारळ रस्ताभर केले. मग मामंजी एका रविवारी सकाळी म्हणाले, "सूनबाई, दांडे तुला कळतात. तू शीक."

सासूबाईंना मला जमेल की नाही याची काळजी नव्हती, गल्ली काय म्हणेल याची होती. पण त्याच म्हणाल्या, "शिकू दे. निदान घरात एकाला तरी गाडीबद्दल खरं माहीत असावं."

ड्रायव्हर दर रविवारी यायचा. मैदानाच्या बाजूला, तिथल्या किल्ल्याच्या मागच्या रस्त्यांवर त्याने मला शिकवलं. साडी नेसून क्लच दाबायचा म्हणजे कसरत. तो माझ्याकडे बघायचा नाही, समोर रस्त्याकडे बघत बोलायचा. "बहूजी, गियर को मारिए मत. समझाइए." मामंजी मागे बसलेले. सुरुवातीला त्यांचा हात सवयीने वर जायचा. मग ते तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे. मला आरशात दिसायचं. डिसेंबरात मला लायसन्स मिळालं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, हे दोन लहान दांडे कशाचे? मी इतकं सविस्तर सांगितलं की त्यांनी घड्याळ बघितलं.

पौषात आम्ही पहिल्यांदा कॅनिंगच्या पुढे गेलो. नवरा, मामंजी, ड्रायव्हर आणि चालवायला मी. सासूबाईंनी नव्या गुळाच्या पोळ्या दिल्या होत्या. तिकडे थंडीत खजुराचा गूळ येतो, त्याचं सारण त्या करायच्या. बंगालातली मराठी पोळी. पक्का रस्ता संपला तिथे मी थांबले, दांडा मागे ओढला. चारही चाकांनी चिखल धरला आणि जीप डुलत डुलत, एकदाही न अडखळता बांधावर चढली. समोर खाडी होती, ओहोटी लागलेली, आणि काठाने हिरव्या झाडांची रांग. जमिनीतून वर आलेली मुळं, जणू कोणी बोटं रोवून ठेवली आहेत. मामंजी उतरले आणि दोन तास कोणाशी बोलले नाहीत. फक्त फांद्या कापत, बघत, कागदात घालत फिरले. ड्रायव्हर पिशवी धरून मागे. माझ्या आठवणीत मामंजी इतके आनंदात आणि इतके गप्प असे पहिल्यांदाच.

असे आम्ही दोन हिवाळे हिंडलो. मग नवऱ्याची नागपूरला बदली झाली. मी पोटुशी होते. निघताना जीपची काळजी वाटत होती, पण ती व्यवस्था आधीच झालेली होती. ड्रायव्हरने लॉरीची नोकरी सोडली होती, त्याच्या गुडघ्यांना लॉरीचं चढणं-उतरणं झेपेना. तो आता महिन्यातून चार-पाच दिवस मामंजींना घेऊन जायचा. दोघं म्हातारे, एक धोतर आणि एक गमछा. बरोबर चुरमुऱ्याची पिशवी.

नागपूरला मामंजींची पत्रं यायची. मोठमोठी, बारीक अक्षरात, पण आता त्यांच्यात दुसऱ्याचं बोलणंही असायचं. ड्रायव्हर असं म्हणाला, ड्रायव्हर तसं म्हणाला. एका पत्रात लिहिलं होतं की त्याला आता बावीस झाडं लॅटिन नावांनी ओळखता येतात, उच्चार मात्र सगळे छपऱ्याचे. आणि परवा त्याने चालत्या जीपमधून, वळणावर, एक झुडूप बघून गाडी थांबवली. मामंजी म्हणाले, काही नाही, हे आपण पाहिलंय. तो म्हणाला, बाबूजी, एक बार उतर के देख लीजिए. मामंजी उतरले. ते त्यांच्या यादीत नव्हतं.

त्या झुडपाचं एक पान त्यांनी पत्रात घालून पाठवलं होतं. माझ्या मुलीने ते खाल्लं. तिला काही झालं नाही.